शुगरची गोळी : भिऊ नये, विसंबूही नये

जुनी माणसे म्हणत, साखरेचा आजार म्हणजे गादीवर बसणाऱ्याचा आजार. राबणाऱ्याला तो कशाला होतो? आता तसे म्हणायची सोय राहिली नाही. भातकुलीच्या बाजारात उभे राहून विचारून पाहा. कापूस वेचणारी बाई असो, डवरा धरणारा कास्तकार असो, की एसटीची वाट पाहणारे आजोबा असोत. कोणाच्या ना कोणाच्या घरात शुगरची गोळी चालू असते. २०२३ साली देशभराच्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. भारतात १० कोटींहून जास्त माणसांना मधुमेह आहे. आणखी १३ कोटींहून जास्त माणसे त्याच्या उंबरठ्यावर उभी आहेत.

गोळी घरात आली, तशी तिच्यामागून भीतीही आली. लोक आम्हांला विचारतात, "गुर्जी, ह्या गोया जनमभर खायच्या काय?" कोणी म्हणतो, "गोयीनं किडनी खराब होते म्हन्तात, खरं हाय काय?" कोणी म्हणतो, "एकडाव चालू केली का सुटत नाई म्हने."

आम्ही डॉक्टर नाही. आम्ही जन्मभर शाळेत शिकवले. पण ज्याला वाचता येते त्याने वाचावे, समजून घ्यावे आणि शेजाऱ्याला सांगावे, ही आमची रीत आहे. म्हणून हा पाठ.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या गोळीबद्दलची काही भीती खोटी आहे आणि काही खरी आहे. खोट्या भीतीपायी माणूस गोळी सोडून देतो. मग साखर वाढते, पायाची जखम चिघळते आणि पाय कापायची वेळ येते. खऱ्या काळजीची गोष्ट मात्र त्याला कोणी सांगतच नाही. दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ.

दाराची कडी गंजते

आपण भाकरी खातो, भात खातो. पोटात त्याची साखर होते. ही साखर रक्तातून अंगभर फिरते. आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशी म्हणजे एक घर आहे असे समजा. साखर दारात येते, पण दाराला कडी असते. ती कडी काढणारा एक रस पोटातल्या स्वादुपिंडात तयार होतो. त्याचे नाव इन्सुलिन.

निरोगी माणसात थोडे इन्सुलिन पुरते. कडी निघते, साखर घरात जाते, अंगात ताकद येते. पण पोटावर चरबी साठली, चालणे कमी झाले, वय वाढले, की कडी गंजते. मग एका माणसाने निघणारी कडी काढायला चार माणसे लागतात. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन पाठवत राहते. याला डॉक्टर 'इन्सुलिनला विरोध' म्हणतात.

ही अवस्था कित्येक वर्षे चालते. बाहेरून काही कळत नाही. शेवटी स्वादुपिंड थकते. साखर दारातच अडून राहते आणि रक्तात वाढते. हाच मधुमेह. रक्तातली ही जास्तीची साखर हळूहळू डोळे, किडनी, नसा आणि हृदय यांना खाते. दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो.

सडपातळ माणसालाही का?

कोणी म्हणेल, "मी तं काडीसारखा हाय. मले कशी शुगर?" या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच सापडले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू केला. गरोदर बायांना तपासले, जन्मलेली मुले तोलली. पुढे त्या मुलांची वाढही पाहिली.

इंग्लंडमधले मूल जन्मताना सरासरी साडेतीन किलोचे होते. आपल्या खेड्यातले मूल सुमारे पावणेतीन किलोचे होते. हातपाय बारीक, मांस कमी. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबीचे. कडी गंजायची सुरुवात अशी आईच्या पोटापासूनच होऊ शकते. म्हणून आपल्याकडे काटकुळ्या माणसालाही मधुमेह होतो. वजनकाटा एकटा पुरत नाही, पोटाचा घेरही पाहावा लागतो.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. तीनपैकी दोन आयांच्या रक्तात 'ब-१२' नावाचे जीवनसत्त्व कमी होते. हे नाव ध्यानात ठेवा. गोळीच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

गोळी आली कुठून?

कडी गंजली असता जी गोळी सर्वांत आधी देतात, तिचे नाव मेटफॉर्मिन. दुकानात ती नाना नावांनी मिळते. पण आतले औषध तेच असते.

तिचे मूळ एका झाडपाल्यात आहे. युरोपात गॅलेगा नावाची वनस्पती आहे. तिथले जुने वैद्य ती औषधाला वापरत. तिच्यातल्या द्रव्याने साखर उतरते असे पुढे कळले. १९२२ साली आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात रसायन जाणणाऱ्या लोकांनी मेटफॉर्मिन प्रथम तयार केले. पण त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. १९५७ साली पॅरिसचे डॉ. झाँ स्टर्न यांनी ते रोग्यांना देऊन त्याचा गुण जगाला सांगितला. म्हणजे ही गोळी काही काल-परवाची नव्हे. साठ वर्षांहून जास्त काळ माणसे ती घेत आहेत.

ही गोळी करते काय? आपले यकृत रात्री साखर तयार करून रक्तात सोडते. मधुमेहात ते गरजेपेक्षा जास्त सोडते. मेटफॉर्मिन त्याला आवर घालते. शिवाय गंजलेल्या कडीला थोडे तेलही घालते. ती स्वादुपिंडाला चाबूक मारत नाही. म्हणून नुसत्या मेटफॉर्मिनने साखर एकदम खाली जाऊन चक्कर येण्याचा धोका फार कमी असतो.

फायदा किती होतो, तेही मोजलेले आहे. इंग्लंडमध्ये नव्याने मधुमेह झालेल्या माणसांवर मोठा अभ्यास झाला. त्याचा निकाल १९९८ साली आला. अंगाने जड असलेल्या माणसांना सुमारे दहा-अकरा वर्षे पाहिले. ज्यांना मेटफॉर्मिन दिले, त्यांच्यात मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले. हृदयाचे झटकेही तितपतच कमी आले.

किडनी गोळीने जाते काय?

आता सर्वांत मोठी भीती पाहू. मेटफॉर्मिनने किडनी खराब होते, हे खरे नाही. किडनी खराब होते ती वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने आणि वाढलेल्या बीपीने. माणूस गोळी टाळतो, साखर वाढते, किडनी बिघडते. मग लोक म्हणतात, "पाहा, गोयीनं किडनी गेली."

मग ही समजूत आली कशी? त्यामागे थोडे खरे आहे. ही गोळी किडनीवाटे, लघवीतून बाहेर पडते. किडनी आधीच अशक्त झाली असेल, तर गोळी बाहेर पडत नाही, अंगात साठते. तसे झाले तर रक्तात एक आम्ल वाढते. माणसाला धाप लागते, ओकाऱ्या होतात, तो दगावूही शकतो. हे फार क्वचित घडते. पण घडू शकते, म्हणून डॉक्टर किडनी तपासून मगच गोळी देतात.

किडनी किती काम करते, याचा एक आकडा रक्ताच्या तपासणीवरून काढतात. धडधाकट तरुण माणसात तो ९० च्या आसपास किंवा वर असतो. तो ४५ च्या खाली आला तर डॉक्टर गोळीचा विचार करतात, मात्रा कमी करतात. ३० च्या खाली आला तर मेटफॉर्मिन बंद करतात.

या गोळीला एक बहीण होती. तिचे नाव फेनफॉर्मिन. ती अंगात हे आम्ल फार वाढवी. माणसे दगावली. अमेरिकेत १९७७ च्या सुमारास ती बंद झाली. भारतात तिच्यावर २००३ साली बंदी आली. बहिणीची बदनामी मेटफॉर्मिनलाही चिकटली. पण दोघींत पुष्कळ फरक आहे.

आपण मात्र आणखी सावध राहिले पाहिजे. आपला मुलूख खारपाण पट्ट्यातला. पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरलेला आहे. विहिरीचे पाणी मचूळ. किडनीच्या आणि मुतखड्याच्या तक्रारी गावोगावी ऐकू येतात. त्यात उन्हाळा असा की पारा ४५ वर जातो. घाम गाळून माणूस आटतो. म्हणून गोळी चालू असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी किडनीची तपासणी करून घ्यावी. वय झालेल्याने दोनदा करावी.

अजून एक सांगतो. निंदण, डवरणी झाली की सांधे दुखतात. लोक दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणतात आणि रोज खातात. किडनीला खरा त्रास या गोळ्यांनी होतो. शुगरच्या गोळीला भिणारा माणूस दुखण्याची गोळी मात्र फुटाण्यासारखी खातो. हे उलटे झाले.

खरी काळजी : ब-१२

आता अशी गोष्ट सांगतो, जी पुष्कळांना माहीतच नसते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतले, की अन्नातले ब-१२ हे जीवनसत्त्व आतड्यातून नीट अंगात जात नाही. जितकी मात्रा मोठी आणि जितकी वर्षे जास्त, तितकी तूट वाढते. २०२२ साली इंग्लंडच्या औषध खात्याने डॉक्टरांना बजावून सांगितले, की हा त्रास क्वचित होणारा नव्हे, नेहमी आढळणारा आहे.

ब-१२ कशाला लागते? रक्त तयार व्हायला आणि नसा शाबूत राहायला. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांत असते. ज्वारीत नसते, तुरीच्या वरणात नसते, पालेभाजीत नसते. आपल्याकडे पुष्कळ माणसे माळकरी, शाकाहारी. दूध विकायला जाते, घरात चहापुरते उरते. मग ब-१२ येणार कुठून? पुण्याच्या डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडी, झोपडपट्टी आणि शहर अशा तिन्ही ठिकाणच्या ४४१ पुरुषांचे रक्त तपासले. निकाल २००६ साली छापून आला. शंभरात ६७ पुरुषांत ब-१२ कमी निघाले.

म्हणजे आपली कोठी आधीच रिकामी. त्यात गोळीने नवीन भरणे कमी झाले. गोऱ्या लोकांच्या देशात जे दहा वर्षांनी दिसेल, ते आपल्याकडे लवकर दिसू शकते.

तूट झाल्यावर काय होते? पायाला मुंग्या येतात. तळवे बधिर होतात. चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. अंधारात चालताना तोल जातो. थकवा येतो, तोंड फिके पडते, जीभ लाल होऊन जळते. विसर पडतो.

आणि इथेच घोटाळा होतो. मधुमेहानेही पायाला मुंग्या येतात. समजा, एक माळकरी आजोबा आठ वर्षे गोळी घेत आहेत. पाय बधिर झाले. घरचे म्हणतात, "शुगरच हाय, पाय तं जळनारच." आजोबा सोसत राहतात. पण कदाचित निम्मे दुखणे ब-१२ च्या तुटीचे असते. ते साध्या औषधाने बरे होण्यासारखे असते. फार उशीर केला, तर मात्र नस कायमची मरते. मग काही इलाज चालत नाही.

उपाय अवघड नाही. गोळी चालू असेल तर वर्षातून एकदा ब-१२ तपासावे. ही तपासणी गावच्या उपकेंद्रात होईलच असे नाही. कुठे होईल ते डॉक्टरांना विचारावे. कमी निघाले तर ब-१२ च्या गोळ्या किंवा इंजेक्शने मिळतात. माळ मोडायची गरज नाही. घरचे दूध सगळे विकू नये, वाटीभर दही, पेलाभर ताक ताटात असावे. जो अंडी-मांस खातो, त्याने बेताने खावे. पण तूट एकदा झाली, की नुसत्या दुधाने ती भरत नाही. औषध घ्यावेच लागते. लोहाच्या गोळ्यांनी ही तूट भरत नाही, हेही लक्षात असू द्या.

यासाठी मेटफॉर्मिन सोडायचे नाही. गोळीही घ्यायची आणि ब-१२ ही पाहायचे.

पोटाच्या तक्रारी

सुरुवातीला पुष्कळांना मळमळ होते, जुलाब होतात, तोंडाला धातूची चव येते. माणूस घाबरून गोळी फेकून देतो. असे करू नये. डॉक्टर लहान मात्रेपासून सुरुवात करतात आणि हळूहळू वाढवतात. गोळी जेवताना किंवा जेवणानंतर घ्यावी. बहुतेकांचे पोट थोड्या दिवसांत ठिकाणावर येते. नाहीच आले, तर हळूहळू विरघळणारी गोळी मिळते. ही गोळी फोडू नये, चावू नये, सबंध गिळावी. तिचे टरफल कधी कधी शौचात जसेच्या तसे दिसते. "गोयी तं लागलीच नाई," असे समजून भिऊ नये. औषध अंगात गेलेले असते, रिकामे टरफल बाहेर पडते.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात

शुगरच्या गोळ्या अनेक जातींच्या आहेत. एका गोळीचे दोष दुसरीला लावू नयेत.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. पुष्कळदा एकाच गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही असतात. ही गोळी घेऊन उपाशी राहिले, तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, दवाखान्यात न्यावे. एकादशी, नवरात्र असे उपास धरायचे असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे.

पायोग्लिटाझोन नावाची गोळीही गंजलेली कडी मोकळी करते. पण तिने पायाला सूज येते, अशक्त हृदयावर ताण पडतो, हाडे ठिसूळ होतात. मूत्राशयाच्या कर्करोगाचीही शंका घेतली गेली. २०१३ च्या जूनमध्ये भारत सरकारने ती बंद केली आणि जुलैमध्ये इशारा छापण्याच्या अटीवर पुन्हा चालू केली. तिच्या जातीच्या दोन गोळ्या याआधीच गेल्या. ट्रोग्लिटाझोन यकृत बिघडवते म्हणून २००० साली अमेरिकेत बंद झाली. रोझिग्लिटाझोन हृदयाच्या धोक्यामुळे २०१० साली भारतात बंद झाली. यावरून काय समजावे? औषधांवर नजर ठेवणारे लोक आहेत. वाईट ठरले ते औषध बाजारातून उठते. मेटफॉर्मिन इतकी वर्षे टिकले आहे.

कधी कधी तरुण मुलीला ही गोळी देतात. मायबाप चिंतेत पडतात, "पोरीले शुगर नाई, मंग गोयी काऊन देली?" काही मुलींत कडी गंजल्यामुळे पाळी अनियमित होते, तोंडावर लव वाढते. तिथे मेटफॉर्मिन उपयोगी पडते. मुलीला मधुमेह झाला, असा त्याचा अर्थ नाही. लग्नाच्या बोलण्यात त्याचा बाऊ करू नये. मात्र दिवस गेले तर लगेच डॉक्टरांना सांगावे.

गोळी कधी सुटते काय?

हा प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासात आहे. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीय माणसांचे चार गट केले. पहिल्या गटाला नेहमीसारखे राहू दिले. दुसऱ्याला रोज चालायला आणि जेवण सुधारायला लावले. तिसऱ्याला मेटफॉर्मिन दिले. चौथ्याला दोन्ही. सुमारे तीन वर्षांनी मोजले. पहिल्या गटात शंभरात ५५ जणांना मधुमेह झाला. चालणाऱ्यांत ३९ जणांना. गोळीवाल्यांत जवळजवळ ४० जणांना. दोन्ही करणाऱ्यांतही तितक्याच.

म्हणजे उंबरठ्यावर असताना चालण्याने जे साधते, तेच गोळीने साधते. चालायला पैसा लागत नाही. चालताना स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत ओढतात. जणू मागचे दार उघडते.

ज्यांना मधुमेह झालाच आहे, त्यांचे काय? इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या एका अभ्यासाचा निकाल २०१७ साली आला. मधुमेह होऊन सहा वर्षे झाली नव्हती अशा जड माणसांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुष्कळ वजन उतरवले. वर्षाअखेर शंभरात ४६ जणांची साखर गोळीवाचून ताब्यात राहिली. म्हणजे काहींची गोळी सुटते. पण ती आपल्या मनाने सुटत नाही. आधी वजन उतरते, मग साखर उतरते, मग डॉक्टर गोळी कमी करतात. हा क्रम उलटा करू नये. आणि जुना रोग असेल, स्वादुपिंड थकले असेल, तर गोळी चालूच ठेवावी लागते. त्यात कमीपणा नाही. चष्मा लागला तर आपण तो रोज लावतोच ना?

"पंधरा दिवसांत शुगर मुळापासून नाहीशी," असे सांगून पुड्या विकणारे गावात येतात. त्या पुडीत काय आहे ते तो सांगत नाही. अशा काही पुड्यांत शिसे-पारा आढळला आहे. त्यासाठी चालू गोळी सोडू नये.

शेतकऱ्याने कसे चालावे?

कोणी म्हणेल, "आमी तं वावरातच असतो." खरे आहे. पण आता वावरात जायला मोटरसायकल आहे, नांगरायला ट्रॅक्टर आहे. पेरणी आणि सोंगणी सोडली तर बरेच दिवस बसून जातात. ज्या दिवशी वावरात काम नाही, त्या दिवशी अर्धा तास झपझप चालावे.

खाण्यात रेशनच्या भाताचा डोंगर कमी करावा. ज्वारीची भाकरी खावी, पण तीही मोजून. तूर, मूग, हरभरा आपल्या शेतात पिकतो. वरण घट्ट करावे. कोशिंबीर, पालेभाजी वाढवावी. चहातली साखर रोज थोडी थोडी कमी करावी. तंबाखू आणि बिडी सोडावी.

गोळी कधी थांबवावी?

काही वेळा मेटफॉर्मिन थोडे दिवस थांबवायचे असते. सारखे जुलाब-ओकाऱ्या होत असतील, ऊन लागले असेल, अंगातले पाणी आटले असेल, तेव्हा किडनीवर ताण येतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारावे. मोठे ऑपरेशन व्हायचे असेल, किंवा नसेत औषध सोडून फोटो काढायचा असेल, तेव्हा "मी मेटफॉर्मिन घेतो" हे आपणहून सांगावे. दारू आणि ही गोळी यांचे जमत नाही. अंगात आम्ल वाढण्याचा धोका दारूने वाढतो. दारू सोडावी, गोळी सोडू नये.

वही घाला

आता तुम्हांला लिहिता येते. त्याचा उपयोग करा. घरात ज्याला गोळी चालू आहे, त्याच्या नावाची एक वही घाला. पाकिटावर औषधाचे नाव बहुधा इंग्रजीत असते. ते डॉक्टरांकडून मराठीत विचारून घ्या आणि वहीत लिहा. गोळी किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, कोणत्या वर्षी सुरू झाली, हे लिहा. मग प्रत्येक तपासणीचा आकडा तारखेसह लिहा. अमरावतीच्या इर्विन दवाखान्यात जा, नाहीतर गावच्या आरोग्य केंद्रात जा, वही बरोबर न्या. डॉक्टर बदलले तरी वही बदलत नाही. वीस वर्षांची गोळी ज्याने अशी डोळ्यांखाली ठेवली, त्याला भिण्याचे कारण थोडेच उरते.

लक्षात ठेवा

१. मेटफॉर्मिन किडनी बिघडवत नाही. वाढलेली साखर आणि बीपी बिघडवतात.
२. किडनी अशक्त झाली तर गोळी कमी किंवा बंद करावी लागते. म्हणून वर्षातून एकदा किडनी तपासावी.
३. वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्याने ब-१२ दरवर्षी तपासावे. शाकाहारी माणसाने तर नक्कीच.
४. पायाला मुंग्या आल्या की 'शुगरच आहे' म्हणून गप्प बसू नये.
५. तीन महिन्यांची साखर डॉक्टर सांगतील तेव्हा मोजावी. डोळे आणि पाय वर्षातून एकदा दाखवावेत.
६. गोळी आपल्या मनाने सुरू करू नये, आपल्या मनाने सोडू नये.
७. गोळी घेतली म्हणून चालणे सोडू नये.

वाचून झाल्यावर उत्तरे लिहा

१. इन्सुलिनचे काम काय?
२. ब-१२ कोणत्या अन्नात असते? तुमच्या घरात ते कोण किती खातो?
३. जुलाब-ओकाऱ्या होत असताना मेटफॉर्मिन घेणाऱ्याने काय करावे?
४. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणाला गोळी चालू असेल, तर तिचे नाव विचारून वहीत लिहा. त्यांची किडनी आणि ब-१२ शेवटचे कधी तपासले, तेही विचारा. तपासले नसेल, तर हा पाठ त्यांना वाचून दाखवा.